तळपायाचे कान

इचलकरंजीच्या त्या गल्लीत बोलायचे दोनच मार्ग होते: ओरडून, नाहीतर खुणेनं. दोन्ही बाजूंनी चाळीस माग एका दमात खडखडत असायचे आणि त्या खडखडाटात शब्द पाण्यातल्या मिठासारखा विरून जायचा. रतनअक्का बुगड त्या खडखडाटात चाळीस वर्षं उभी होती. ती जॉबर होती. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. कुठला माग अडला, कुठल्याचा आडवं सूत नेणारा धोटा उडाला, कुठला उगाच कण्हतोय, हे ओळखायचं आणि पाना घेऊन त्याच्या पोटात शिरायचं. नवरा गेल्यावर त्याची पान्यांची पेटी तिनं उचलली तेव्हा गल्ली हसली होती. नंतर तीच गल्ली तिच्या दारात रांग लावू लागली.

चाळीस वर्षांनी तिचे कान गेले. म्हणजे डॉक्टर तसं म्हणाले. अक्का म्हणायची, "कान गेले न्हाईत बाबा, खाली उतरलेत. तळपायात."

आणि ते खरं होतं. समोर कुणी बोललं तर ती ओठ वाची, बाकी सगळं पायांना कळे. मागाच्या शेडमध्ये ती अनवाणी उभी राही. फरशीतून चाळीस मागांचा थरकाप तिच्या टाचांतून चढे, आणि त्यातला एकच बेसूर ती बोटानं दाखवी: "तो. तिसऱ्या ओळीतला. पिकर सैल झालाय त्याचा." पिकर म्हणजे धोट्याला टोला देणारा चामड्याचा ठोकळा. जाऊन बघावं तर तो खरंच सैल. दारातून कोण आलं तेही तिला मागं न वळता कळे. मुलगा मंदार टाचा आपटत येई. शेजारची सुशीला वरुटे, म्हणजे सगळ्यांची सुशी, भरल्या घागरीसारखी डुलत येई. आणि सून समिधा लहानपणी झाडावरून पडलेली. तिचा उजवा पाय ठाम पडे आणि डावा हलका, जणू जमिनीला विचारून ठेवलेला.

*

त्या वर्षांत विजेवरची गाडी बाईच्या नावावर घेतली की करात मोठी सवलत मिळायची. मग काय, गल्लीतले अकराच्या अकरा टेम्पो अकरा बायकांच्या नावावर. चालवायचे बहुतेक पुरुष, सह्या बायकांच्या. किल्ली दारामागच्या खिळ्याला. ज्याला लागेल त्यानं काढावी, काम झालं की परत अडकवावी. कुठं गेलतास, असं विचारायची रीत नव्हती. खिळा विश्वासावर चालत होता.

ही गल्ली दवाखान्यांच्या चादरी आणि जखमेच्या पट्ट्यांचं कापड विणायची. कोल्हापूरच्या वेशीवर एक मोठं खासगी रुग्णालय होतं, तिथं दर गुरुवारी माल पोचवायचा, ज्याला सवड असेल त्यानं.

एका सोमवारी अक्काच्या कागदोपत्री नावानं, रत्नप्रभा बुगड म्हणून, जाड पाकीट आलं. पाठवणारी 'भूसाक्षी पार्किंग'. रुग्णालयाचं पटांगण ह्या खासगी कंपनीनं चालवायला घेतलं होतं. पत्रात लिहिलं होतं की अक्काच्या नावावरची गाडी चार गुरुवारी तिथं प्रत्येकी तीन तासांहून जास्त उभी राहिली. पहिला तास फुकट, पुढचं भाडं, त्यावर दंड, दंडावर वसुलीचा खर्च. आणि खाली, ठळक: नोंदणीकृत वाहनधारक म्हणून आपण जबाबदार आहात. सुटायचं असेल तर अठ्ठावीस दिवसांत चालकाचं नाव कळवा.

मंदार पत्र वाचून तापला. "कोण गेलतं गाडी घेऊन? माल टाकायला वीस मिन्टं पुरतात. तीन तास कशाला?"

"मला काय म्हाईत," अक्का म्हणाली. "खिळ्याला विचार."

"चेष्टा करू नको आई. कोण गेलतं ते कळल्याबिगर मी एक पै भरणार न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारात समिधा कणीक मळत होती. तिचे हात थांबले. ते कुणी ऐकलं नाही, कारण थांबण्याला आवाज नसतो. पण अक्काच्या तळव्याखालची फरशी गप्प झाली, आणि अक्कानं मान वर केली.

*

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. 'मंजिरी' नावाचा एक आवाज बोलायचा. पहिल्या दिवशी पुस्तकी, दुसऱ्या दिवशी थोडा सैल, आणि तिसऱ्या दिवशी थेट गल्लीतलाच: "अक्का, कसं हाईसा? जेवलासा न्हवं? ते पैशाचं तेवढं बघा की."

"ऐकू येत न्हाई," अक्का ओरडायची. "मोठ्यानं बोल!"

मंजिरी मोठ्यानं बोलायची. अक्का म्हणायची, अजून मोठ्यानं. शेवटी फोन टेबलावर थरथरायला लागला. अक्कानं तो उचलून फरशीवर ठेवला, त्यावर अलगद अंगठा टेकवला आणि मिनिटभर डोळे मिटले.

"ही बाई न्हवं," ती समिधाला म्हणाली. "बाईला मधी दम घ्यावा लागतो. ही घेतच न्हाई." आणि फोन तिनं पिठाच्या डब्यात ठेवून दिला.

मग माणूस आला. विलास टोणपे, पन्नाशीचा, बगलेत वसुलीची फाइल. दारात उभं राहून त्यानं आधी शेडकडे बघितलं, मग चपला काढल्या.

"चपला काढल्यासा म्हणजे तुम्ही मागावर होता कवातरी," अक्का म्हणाली.

"अठरा वर्षं," टोणपे ओरडून म्हणाला. "माग विकले मालकानं. मग ह्ये." त्यानं फाइल दाखवली, जशी एखादी जुनी जखम दाखवावी.

चहा झाला. टोणपेनं बशीत ओतून प्यायला आणि मुद्द्यावर आला. "अक्का, तुम्हाला एक सांगतो. चालकाचं नाव लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण असंल ते असंल. तुम्ही कशाला मान अडकवता?"

"आणि न्हाई लिहिलं तर?"

"अठ्ठावीस दिवसांनी तुमचं नाव थकबाकीदारांच्या यादीत. सूतवाला उधार देणार न्हाई. आणि चालक कोण ते कंपनी स्वतः शोधून काढणार. जमिनीकडं सगळं असतंय."

"भरून टाकले तर?"

"भरलं म्हणजे कबूल केलं. मग पावतीवर चालकाचं नाव छापून येतंय. घरातल्या सगळ्या फोनवर."

म्हणजे सांगितलं तरी नाव, गप्प बसलं तरी नाव, भरलं तरी नाव. सगळ्या वाटा एकाच दाराशी. ते दार कुणाचं, एवढंच अक्काला अजून ठाऊक नव्हतं. पण मळता मळता थांबलेले हात तिच्या पायांना आठवत होते.

टोणपे गेल्यावर सुशी आली, कमरेवर हात ठेवून. "आमची बी गाडी दर गुरुवारी तिथंच जाती की. आम्हाला कवा आला न्हाई कागद. धा जणींत एकीला बी न्हाई. तुझ्यावरच का गं प्रेम उतू चाललंय त्यांचं?"

अक्का हसली. मग हसायची थांबली.

त्या दुपारी तिनं सूत मोजायचं भिंग काढलं. एका इंचात किती धागे ते ज्या भिंगातून बघायचं, त्याच भिंगातून तिनं पत्राची मागची बाजू वाचली. मुंगीएवढी अक्षरं. कुणीही वाचू नयेत म्हणूनच छापलेली. अकराव्या कलमात लिहिलं होतं: वाहनधारकास आपल्या वाहनासंबंधीची मूळ कंपननोंद मागण्याचा हक्क राहील.

"समिधा," तिनं हाक मारली. "कागद-पेन आण. अर्ज लिहायचाय."

सुनेनं अर्ज लिहिला. अक्षर सुंदर होतं.

*

जमीन साक्ष कशी देते, हे इथं सांगायला हवं.

पूर्वी गाड्या कॅमेऱ्यानं ओळखत. पण नंबराच्या पाटीवर चिखल फासला, पाटी बदलली, की कॅमेरा आंधळा. मग कुणाला तरी सुचलं की डोळ्यांऐवजी स्पर्शावर भरवसा ठेवावा. पटांगणाच्या डांबराखाली केसाएवढी काचेची तार पुरायची आणि तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा उजेडाचा ठोका सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोट असतेच, आणि त्या खोटीवर आपटून थोडासा उजेड माघारी येतो. वरून गाडी गेली की माती दबते, तार कणभर ताणली जाते, आणि माघारी येणारा उजेड किंचित बदलतो. त्या बदलातून यंत्र हिशोब लावतं: कुठं, केव्हा, किती आणि कसं.

प्रत्येक गाडीची थरथर वेगळी. टायरची झीज, स्प्रिंगचा ताठा, कुठलासा ढिला बोल्ट, मोटारीची गुणगुण. माल भरलेला असो वा नसो, यंत्र वजन वजा करून मागं उरणारी थरथर जपून ठेवतं. तिला ते 'कंपनठसा' म्हणतात. कंपनीच्या जाहिरातीत छापलं होतं की दोन गाड्यांचा ठसा कधीच सारखा नसतो.

आणि तारेला चाकं काय, पावलं काय, सगळं सारखंच. दार उघडून जो उतरतो, त्याची चाल तिच्यात उमटते. ती पावलं कुणाची, हे मात्र झाकून ठेवायचं आणि गरज पडली तरच उघडायचं, असा नियम होता.

अक्काला हे समिधानं पाटीवर चित्र काढून समजावलं. अक्कानं त्या चित्रातल्या तारेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे ती जमीन माझ्यासारखीच की गं," ती म्हणाली. "बहिरी. पायानं ऐकणारी."

आणि मागाचं तेल पुसता पुसता तिच्या ओठांत ओवी आली:

भुईच्या पोटामंदी, उजेडाचा दोरा
ऐकतो येरझारा, गाडीच्या गं

*

नोंद आली ती एका चकतीत. त्यात नुसत्या रेषा होत्या, लाटांमागून लाटा. अक्का म्हणाली, रेषा मला कळत न्हाईत, मला ती जमीनच आणून द्या.

गल्लीच्या तोंडाला फोन दुरुस्त करणारा इस्माईल होता. त्यानं लग्नाच्या मिरवणुकीतला एक भला मोठा भोंगा आणला, आडवा पाडला, त्यावर सागवानी फळी ठेवली आणि चकती लावली. आवाज जवळजवळ नव्हताच. फक्त फळी शहारली. दुपारची वेळ, माग बंद, शेड रिकामं. अक्का अनवाणी फळीवर चढली आणि तिनं डोळे मिटले.

समिधा खांबाला टेकून उभी होती. जावं की थांबावं, तिला कळत नव्हतं.

पहिला गुरुवार. आधी फळी सपाट राहिली. मग दुरून काहीतरी आलं. अक्काच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, पाळण्यातल्या मुलाला आईच्या हाताची उमटावी तशी. आपली गाडी. थांबली. दार उघडलं. आणि मग दोन पावलं. एक ठाम. एक हलकं. जमिनीला विचारून ठेवलेलं.

अक्कानं डोळे उघडले नाहीत. पावलं चालत गेली. घाईनं गेली. पंचेचाळीस मिनिटांनी परत आली तेव्हा ती संथ होती, आणि गाडीपाशी येऊन कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. उभं राहून रडणाऱ्या माणसाच्या पायांतही एक थरथर असते. तीही तारेनं टिपली होती.

"इस्माईल," अक्का म्हणाली, "जरा चा पिऊन ये."

तो गेल्यावर ती फळीवरून न उतरताच म्हणाली, "कोण हाय त्या दवाखान्यात?"

समिधाचा आवाज अक्काला ऐकू आला नसता. पण तिनं ओठ वाचले.

"बाबा," समिधा म्हणाली. "दोन महिने झाले. झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ताईचा फोन आला तेव्हा कळलं. तुम्हाला कसं सांगणार होते आई?"

कसं सांगणार होती! तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीत समिधाचे वडील, दिगंबर ढोले, हसत हसत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बहिऱ्यांच्या घरात पोरगी दिली, आता हाका मारून मारून तिचाच घसा बसणार." लोक हसले होते. अक्काला ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता आले. तिनं तिथंच सांगितलं होतं: हा माणूस माझ्या उंबऱ्यावर नको आणि माझ्या घरचं कुणी ह्याच्या दारात जाणार न्हाई. मंदारनं आईचा शब्द दगडावर कोरून ठेवला होता.

"माझं नाव लिहा," समिधा म्हणाली. "चूक माझी. तुम्ही सुटाल."

अक्का फळीवरून उतरली. तिनं सुनेच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. हाताला तेलाचा वास होता.

"तू बापाला भेटाय गेलतीस," ती म्हणाली. "त्याला चूक म्हणायचं असंल तर माझ्या नेमाला आधी म्हणावं लागंल. आणि तुझं नाव कागदावर छापून मंदारच्या फोनवर यावं? चोर पकडल्यावाणी? त्यानं माझ्या तोंडचा राग धरून तुला काय बोलावं? न्हाई. त्याला कळंल ते माझ्या तोंडून. दंडाच्या कागदातनं न्हाई."

"पण तीन तास..." समिधा म्हणाली. "मी कधीच तासाभराच्या वर थांबले नाही. गाडी माल टाकायला म्हणूनच न्यायची ना."

"तेच तर," अक्का म्हणाली. "तू गेलीस. मग जमीन अजून कुणाला ऐकत बसली?"

ती परत फळीवर चढली. पुढची नोंद. आपलीच गाडी पुन्हा आली. म्हणजे थरथर तीच. पण दार उघडल्यावर पावलं? भरल्या घागरीसारखी डुलती.

अक्का फळीवरच मोठ्यानं हसली. "ही तर सुशी! नवऱ्याबरोबर माल टाकाय आलीया."

त्यानंतर अजून एक गाडी. थरथर तीच, पावलं निराळी. मग अजून एक. गल्लीतले टेम्पो एकामागून एक येत होते, एक बाहेर पडण्याआधी दुसरा आत, आणि जमीन समजत होती की एकच गाडी तीन तास इथंच घुटमळतेय.

"असं कसं?" समिधानं विचारलं. "दोन ठसे सारखे नसतात म्हणे."

अक्कानं स्वतःचे हात उलटे-सुलटे करून बघितले. "माझ्यामुळं," ती म्हणाली.

जखमेच्या पट्टीचं कापड फार नाजूक. खड्ड्यांच्या रस्त्यानं नेलं की तागे सैल होतात, घडी मोडते, आणि दवाखाना माल परत करतो. म्हणून अक्कानं गल्लीच्या प्रत्येक टेम्पोच्या स्प्रिंगखाली मागाचे जुने, वापरून मऊ झालेले पिकर बसवले होते. नुसते बसवले नव्हते. प्रत्येक गाडीच्या पाठीत अनवाणी उभं राहून, पाय लावून, मागाला ताल लावावा तसे लावले होते. जोवर गाडी तिच्या तळव्याला हवी तशी थरथरत नाही तोवर ठोकून, कापून, पुन्हा ठोकून. आणि टायर तर गल्ली दर दिवाळीला एकाच दुकानातून एकदमच घ्यायची. अकरा गाड्या, एकच ताल. आणि तो ठसा यंत्रात सगळ्यात आधी चढला होता अक्काच्या गाडीच्या नावावर. कंपनीच्या इंजिनिअरांनी जगातल्या सगळ्या गाड्यांचा विचार केला असेल, पण एखादी बाई अकरा गाड्या एका सुरात लावील, हा विचार त्यांना शिवला नव्हता.

*

अक्कानं तक्रारीचा अर्ज दिला. अशा तक्रारींसाठी सरकारनं पंच नेमले होते. ह्या तक्रारीला नाडगौडा मॅडम आल्या, निवृत्त इंजिनिअर, पांढरे केस, पायांत बूट. पंचविसावा दिवस, गुरुवार, सकाळचे अकरा. अक्कानं अर्जात लिहिलं होतं की सुनावणी त्या पटांगणातच व्हावी.

गल्ली सगळी आली होती. हे सोपं नव्हतं. अक्का घरोघरी गेली होती आणि तिनं स्पष्ट सांगितलं होतं की जमिनीला आज एकच गाडी दिसतीया, उद्या अकरा दिसतील. तुमच्यावर बी कागद येऊ शकतो. सुशीनं तेवढंच विचारलं होतं, "आमच्या गाड्या तासाभराच्या वर थांबतात व्हय?" न्हाई. "मग येऊ दे कागद. वाचाय भिंग तुझ्याकडं हाय." अकरा जणी अकरा टेम्पोंत बसून आल्या. चौघींनी स्वतः चालवले. बाकीच्या नवऱ्यांशेजारी, मुलांशेजारी अशा बसल्या होत्या की गाडी कुणाची हे विचारायची गरज पडू नये.

कंपनीचा अधिकारी तरतरीत होता. त्यानं पडदा लावला. "मॅडम, सोपं प्रकरण आहे. गाडी ह्यांची, ठसा ह्यांचा. चालक कोण ते ह्या लपवतायत. परवानगी द्या, मी आत्ता पावलांची नोंद उघडतो. दोन मिनिटांत नाव बाहेर येईल."

समिधा एका टेम्पोच्या आड सरकली. मंदार पुढे सरकला. त्यालाही ते नाव हवं होतं.

"थांबा," अक्का म्हणाली. तिचा आवाज पटांगणभर गेला; बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. "तुम्ही भाडं चाकाला लावलंय का पावलाला?"

"चाकाला," अधिकारी म्हणाला.

"मग चाकाचं बोला. पाऊल माणसाचं असतंय. माणूस दवाखान्यात हसाय येत न्हाई. कोण कुणासाठी आलं, किती वेळ दारात उभं राहिलं, कुठं रडलं, ह्याचं भाडं तुमच्या पाटीवर लिहिल्यालं न्हाई."

नाडगौडा मॅडमनी चष्मा काढला. त्यांची नजर अक्काच्या अनवाणी पायांवर गेली. "पावलं झाकलेलीच राहतील," त्या म्हणाल्या. "आधी चाकांचं सिद्ध करा."

"ते मी करतो," अक्का म्हणाली, आणि तिनं हात वर केला.

पहिला टेम्पो तारेवरून गेला. पडद्यावर नाव उमटलं: रत्नप्रभा बुगड. अधिकारी हसला. दुसरा गेला. रत्नप्रभा बुगड. तो हसायचा थांबला. तिसरा. चौथा. प्रत्येक वेळी तेच नाव, एकच शब्द शिकलेल्या पोपटासारखं. त्यानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पाचवा गेला. रत्नप्रभा बुगड.

अकरावा टेम्पो सुशीचा. खिडकीतून डोकं काढून ती ओरडली, "अक्का, अकरा गाड्यांची धनीण झालीस की गं! पेढे कवा?"

पटांगणात हशा पिकला. कडेला विलास टोणपे फाइल घेऊन उभा होता. त्यानं फाइलनं तोंड झाकलं, पण खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

नाडगौडा मॅडम स्वतः खाली वाकल्या, एका गाडीखाली बघितलं आणि तो काळपट चामड्याचा ठोकळा बोटानं दाबला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मागानं," अक्का म्हणाली.

"कुठलं माप लावून इतकं सारखं केलंत?"

अक्कानं पाय थोडा पुढे केला. भेगाळलेला, तेलानं काळा झालेला तळवा. मॅडम उठून उभ्या राहिल्या, आणि मग बोलण्याआधी त्यांनी आपले बूट काढले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डांबर तापलेलं होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बारावी गाडी न्या हळूच. माझी आहे ती, निळी." निळी गाडी गेली. "ही वेगळी आहे," त्या जरा वेळानं म्हणाल्या. "थोडंसं कळतंय."

"कळंल," अक्का म्हणाली. "चाळीस वर्षं लागतात, पण कळंल."

नोटिसा रद्द झाल्या. यादीतून नाव काढायचा हुकूम झाला. पटांगणाचे सगळे ठसे पुन्हा तपासेपर्यंत वसुली थांबली. टोणपे जाता जाता अक्काच्या जवळ आला आणि खुणेनंच म्हणाला, जसं मागावरची माणसं बोलतात: दोन बोटं छातीला, मग कपाळाला. मानलं तुम्हाला.

*

गल्ली टेम्पोंतला माल उतरवायला लागली. मंदार अजून तिथंच उभा होता.

"जिंकलीस," तो म्हणाला. "पण आई, कोण गेलतं?"

अक्कानं त्याच्याकडे बघितलं, मग समिधाकडे. "सांगतो. चल माझ्यासंगं." आणि सुनेला विचारलं, "मजला कितवा?"

समिधाचे ओठ हलले. "तिसरा."

जिन्यात अक्कानं मंदारला सगळं सांगितलं. मधल्या पायरीवर तो थांबला. "तू शब्द दिलतास आई. सगळ्यांदेखत."

"मी दिलता. मीच मोडतो. दुसऱ्या कुणाला मोडाय लागू ने, एवढ्यासाठीच आलो." आणि ती वर चढत राहिली. थोड्या वेळानं मागून टाचा आपटत यायला लागल्या. आज जरा हळू.

खिडकीशेजारच्या लोखंडी खाटेवर दिगंबर ढोले पडले होते. अंगावर गल्लीतलीच चादर, निळ्या काठाची. अक्काला बघून त्यांचे डोळे मोठे झाले. ओठ हलले, पण वाकडे. त्या ओठांवरून काही वाचता येईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. घशातून काहीतरी आलं, ते अक्काला ऐकू येईना. एक माणूस बोलू शकत नव्हता, दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं, आणि मधे तीन वर्षं उभी होती.

"बोलू नका व्याही," अक्का म्हणाली. तिनं स्टूल ओढलं, बसली, आणि आपल्या उजव्या पायाचा तळवा खाटेच्या लोखंडी खुरावर टेकवला. "ठोका. डावा हात चालतोय न्हवं? ठोका."

त्यांनी तिच्या टेकवलेल्या पायाकडे बघितलं. मग डाव्या हाताचं बोट खाटेच्या कठड्यावर आलं. एक ठोका. मग थांबले. मग एक लांबलेला, एक तुटलेला, मग थरथरत बरेच, एकावर एक, जसं एखाद्या पोरानं दार वाजवावं तसं, ज्याला आत यायचंय आणि हाक मारायची लाज वाटतेय.

समिधा मंदारच्या बाहीला धरून उभी होती. अक्काचे डोळे मिटलेले होते. तिच्या ओठांत काहीतरी पुटपुटत होतं, स्वतःशीच, मागाच्या तालावर:

दोघींची पावलं, एका वाटंला लागली
भुई माझी जागली, साक्षीसाठी

बोट थांबलं. लोखंड शांत झालं. दिगंबरराव वाट बघत होते.

अक्कानं पाय तसाच ठेवला.

"ऐकलं," ती म्हणाली.